क्रीडाविज्ञान : मैदानामागची प्रयोगशाळा

रामदासपेठेत दवाखान्यांच्या पाट्या मोजू गेल्यास बोटे अपुरी पडतील. गुडघा दुखावलेला खेळाडू उपचारांसाठी अशा दवाखान्याची पायरी चढतो. तो दुखावूच नये आणि त्याचा दम व वेग वाढावा, यासाठी राबणारी शाखा म्हणजे क्रीडाविज्ञान. शरीरक्रियाशास्त्र, जैवयांत्रिकी, मानसशास्त्र व आहारशास्त्र ही तिची प्रमुख अंगे होत.

कामाचे स्वरूप उदाहरणावरून कळेल. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना सरावापूर्वी व सरावानंतर खेळाडूचे वजन केले जाते. प्यायलेले पाणी हिशेबात धरून एक किलोची घट आढळल्यास सुमारे एक लिटर घाम गेला, असे मानतात. त्यावरून पाणी किती व केव्हा द्यायचे, हे ठरते. यासाठी साधा वजनकाटा पुरतो. नोंदींत हयगय मात्र चालत नाही.

बारावीला विज्ञान शाखा असल्यास सोयीचे. फिजिओथेरपी, शारीरिक शिक्षण वा आहारशास्त्राच्या पदवीनंतर याकडे वळता येते. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई संस्था (१९५७) व पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था (१९६१) ही जुनी केंद्रे. विदर्भातील विद्यार्थ्यांना अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ जवळचे. त्याची मुळे १९१४ सालच्या आखाड्यात आहेत.

नोकऱ्या मोजक्या, पुष्कळदा कंत्राटी असतात, हे पालकांनी आधीच जाणून घ्यावे. प्रवेशापूर्वी प्रयोगशाळा स्वतः पाहून यावी. माहितीपत्रकातील छायाचित्रांवर विसंबू नये.