‘प्लॅटून’चा जमाखर्च

ऑलिव्हर स्टोनच्या ‘प्लॅटून’ या चित्रपटाविषयी कुठेही काही लिहून आले की त्यात एक वाक्य हमखास असते. सुमारे साठ लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या या चित्रपटाने एकट्या उत्तर अमेरिकेत १३ कोटी ८५ लाख डॉलरचा गल्ला जमवला. म्हणजे खर्चाच्या तेवीस पट! एखाद्याला लॉटरी लागावी, तशा थाटात हे सांगितले जाते आणि लेखक पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

मला मात्र हे आकडे लॉटरीपेक्षा जमाखर्चाच्या वहीसारखे वाटतात. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकाचा हिशेब नीट वाचला तर कोणी वर्गणी दिली, कोणी हात आखडला, कोणाच्या ओळखीने पडदे फुकट मिळाले हे सगळे त्यातून कळते. गावाचा स्वभावच तिथे लिहिलेला असतो. ‘प्लॅटून’चा हिशेब तसा वाचला तर अमेरिकेने आपल्या एका पराभवाची आठवण कशी काढली, याचा इतिहास हाती लागतो.

आधी साठ लाख म्हणजे किती ते पाहू. १९८६ साली डॉलरचा भाव साधारण साडेबारा रुपये होता. म्हणजे हे सुमारे साडेसात कोटी रुपये झाले. मुंबईच्या निर्मात्याला त्या काळी ही रक्कम ऐकून घेरीच आली असती. पण हॉलिवूडमधल्या मोठ्या कंपन्यांच्या चित्रपटांचा सरासरी खर्च तेव्हा दीड कोटी डॉलरच्या वर गेला होता. त्या हिशेबाने ‘प्लॅटून’ गरिबाघरचाच. आणि ही गरिबी दिग्दर्शकाने हौसेने पत्करलेली नव्हती.

स्टोन स्वतः १९६७-६८ मध्ये पायदळातला साधा शिपाई म्हणून व्हिएतनाममध्ये लढला होता. दोनदा जखमी झाला होता. ‘प्लॅटून’ची पटकथा त्याने १९७६ साली लिहिली. सायगाव पडून तेव्हा एकच वर्ष झाले होते. पटकथा चांगली आहे, असे अनेकांनी म्हटले. इतकी चांगली, की तिच्यामुळे त्याला ‘मिडनाइट एक्स्प्रेस’ (१९७८) लिहिण्याचे काम मिळाले आणि त्या लेखनासाठी ऑस्करही मिळाले. पण ‘प्लॅटून’साठी पैसा द्यायला कोणी तयार होईना. पुढे १९८५ च्या ‘इयर ऑफ द ड्रॅगन’साठी त्याने कमी मोबदल्यात लेखन केले, ते निर्माता दिनो दे लॉरेंतिस आपल्या ‘प्लॅटून’ला भांडवल देईल या बोलीवर. पण वितरक मिळाला नाही आणि तेही बारगळले.

व्हिएतनामवरचे चित्रपट निघत नव्हते, असे मुळीच नव्हे. ‘द डिअर हंटर’ला १९७८ सालचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले होते. १९७९ मध्ये कपोलाचा ‘अपोकॅलिप्स नाऊ’ आला, त्यावर तीन कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला होता. १९८५ मध्ये ‘रॅम्बो’च्या दुसऱ्या भागाने अमेरिकेत पंधरा कोटी डॉलर मिळवले. म्हणजे व्हिएतनाम विकले जात होतेच. एकटा रॅम्बो जंगलात परत जातो आणि हरलेले युद्ध पडद्यावर जिंकून येतो, हे लोकांना हवे होते. चिखलात चालणारा, घाबरलेला, आपल्याच सार्जंटांच्या भांडणात सापडलेला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा कोणाला हवा आहे, अशी शंका निर्मात्यांना होती.

शेवटी पैसा आला तो जॉन डेली यांच्या ‘हेमडेल’ या मूळच्या ब्रिटिश कंपनीकडून. याच कंपनीने १९८४ मध्ये अशाच थोड्या भांडवलावर ‘द टर्मिनेटर’ काढला होता. वितरण ‘ओरायन’ने घेतले. अमेरिकेच्या आठवणींचा चित्रपट, आणि त्याला पहिला होकार परक्या मुळाच्या कंपनीचा, हे हिशेबाच्या पहिल्याच पानावर दिसते.

दुसऱ्या पानावर अमेरिकेचे संरक्षण खाते आहे. लष्कर चित्रपटांना मदत करते ती पटकथा वाचून. पटकथा पसंत पडली तर विमाने, जहाजे, तळ, माणसे थोड्या भाड्यात मिळतात. ‘प्लॅटून’ची पटकथा लष्कराने परत केली. गावकऱ्यांची हत्या, बलात्कार, शिपायांनी एकमेकांना मारणे, नशापाणी, हे सारे त्यांना अवास्तव वाटले. हा निर्णय काय किमतीचा होता, ते त्याच वर्षीच्या ‘टॉप गन’कडे पाहिले म्हणजे समजते. त्या चित्रपटाला नौदलाने लढाऊ विमाने आणि विमानवाहू जहाज सुमारे अठरा लाख डॉलरमध्ये वापरू दिले. एवढी सामग्री बाजारभावाने जगातल्या कोणत्याच निर्मात्याला मिळाली नसती. ‘टॉप गन’चा खर्च दीड कोटी डॉलरच्या आसपास सांगितला जातो, पण त्यात सरकारी तिजोरीतून अप्रत्यक्ष किती पडले, ते कोणत्याही हिशेबात दिसत नाही. ‘प्लॅटून’च्या साठ लाखांत मात्र जे होते ते सगळे विकतचे होते.

ती खरेदी झाली फिलिपिन्समध्ये. लुझॉन बेटावरचे जंगल व्हिएतनामसारखे दिसते, मजुरी स्वस्त आणि तिथल्या सैन्याकडे अमेरिकी बनावटीची सामग्री भाड्याने मिळू शकते, असा तो हिशेब. पण चित्रीकरणाची तयारी झाली आणि फेब्रुवारी १९८६ मध्ये मनिलाच्या रस्त्यांवर लाखो माणसे उतरली. २५ फेब्रुवारीला मार्कोस देश सोडून पळाले. चित्रपट बंद पडतो की काय, अशी वेळ आली. नव्या अधिकाऱ्यांशी पुन्हा बोलणी करून काही दिवसांतच काम सुरू झाले. त्या वेळी आणखी एखादा महिना थांबावे लागले असते, तर साठ लाखांत ते सावरले असते असे मला वाटत नाही.

पैसा थोडा असला की काही गोष्टी आपोआप बऱ्या होतात. निवृत्त मरीन कॅप्टन डेल डाय याने नटांना सुमारे दोन आठवडे जंगलात ठेवले. त्यांनी स्वतः खंदक खणले, डब्यातले लष्करी अन्न खाल्ले, रात्री आळीपाळीने पहारे दिले, अंघोळ नाही की नीट झोप नाही. मग चित्रीकरण बरेचसे कथेच्या क्रमानेच झाले. ज्याचे पात्र मेले तो नट घरी गेला. उरलेल्यांच्या चेहऱ्यांवर पडद्यावर जो थकवा आणि पोरकेपणा दिसतो, त्याला रंगभूषेचा खर्च आला नाही. ५४ दिवसांत चित्रीकरण संपले.

आता जमेची बाजू. १९ डिसेंबर १९८६ रोजी ‘प्लॅटून’ फक्त सहा चित्रपटगृहांत लागला. पहिल्या शनिवार-रविवारसह तीन दिवसांची कमाई २ लाख ४१ हजार डॉलर, म्हणजे दर चित्रपटगृहामागे चाळीस हजार. मग हळूहळू चित्रपटगृहे वाढवत नेली. जानेवारीत ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो आला. ३० मार्च १९८७ रोजी सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, संकलन आणि ध्वनी अशी चार ऑस्कर मिळाली. १९८६ च्या चित्रपटांत कमाईच्या बाबतीत ‘टॉप गन’ आणि ‘क्रोकोडाइल डंडी’ यांच्या मागोमाग त्याचाच क्रमांक लागला. लष्कराने डोक्यावर घेतलेला आणि लष्कराने दारातून परत पाठवलेला, असे दोन्ही चित्रपट एकाच वर्षी पहिल्या तिघांत!

एवढी माणसे आली कुठून? उत्तर मधल्या दहा वर्षांत आहे, असे मला वाटते. १९७६ मध्ये अमेरिकेला व्हिएतनामचे नावही नको होते. १९८२ मध्ये वॉशिंग्टनला काळ्या दगडाची स्मारकभिंत उभी राहिली आणि तिच्यावर मेलेल्या व बेपत्ता झालेल्या सुमारे अठ्ठावन्न हजार सैनिकांची नावे कोरली गेली. १९८५ मध्ये, युद्ध संपून दहा वर्षे झाल्यावर, न्यूयॉर्कने त्या सैनिकांची स्वागत-मिरवणूक काढली. स्टोनची पटकथा तीच राहिली, ऐकणाऱ्याचे कान बदलले. जे सैनिक घरी परतून गप्प बसले होते ते आता बायकामुलांना घेऊन चित्रपटगृहात गेले. दहा वर्षांपूर्वी हाच चित्रपट निघाला असता तर तो बहुधा पडला असता. नकार देणारे निर्माते अगदीच मूर्ख नव्हते, एवढे त्यांच्या बाजूने म्हणायला हवे. पण १९८५ मध्येही ते नाहीच म्हणत राहिले, तेव्हा त्यांना आपल्याच लोकांचे मन कळले नव्हते.

गल्ला म्हणजे नफा नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. तेरा कोटी पंच्याऐंशी लाखांतले जवळजवळ निम्मे चित्रपटगृहवाल्यांकडे राहिले. वितरकाकडे आले सुमारे सात कोटी. त्यातून प्रती, जाहिराती, वितरकाचा हिस्सा. व्हिडिओ कॅसेटच्या हक्कांवरून ‘व्हेस्ट्रॉन’ आणि ‘एचबीओ व्हिडिओ’ या कंपन्यांत कोर्टबाजी झाली आणि कॅसेट बाजारात यायला जानेवारी १९८८ उजाडला. तिच्या सुरुवातीला क्रायसलर कंपनीचे प्रमुख ली आयाकोका एका जीपशेजारी उभे राहून सैनिकांना मानवंदना देताना दिसतात. जाहिरात आणि श्रद्धांजली एकाच दमात. आणि ज्यांनी हा पैसा कमावला त्या दोन कंपन्यांचे काय झाले? ओरायनने डिसेंबर १९९१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, त्याच सुमारास हेमडेलचीही तीच गत झाली. तेवीस पटीचे वाक्य सांगताना हा भाग सहसा गाळला जातो.

पण या हिशेबातले सर्वांत बोलके पान ‘प्लॅटून’मध्ये नाहीच. स्टोनने व्हिएतनामवर तीन चित्रपट केले. दुसरा ‘बॉर्न ऑन द फोर्थ ऑफ जुलै’ (१९८९), छातीखाली अधू होऊन परतलेल्या सैनिकाचा. त्याने अमेरिकेत सुमारे सात कोटी डॉलर मिळवले. तिसरा ‘हेवन अँड अर्थ’ (१९९३), ले ली हेस्लिप या व्हिएतनामी स्त्रीच्या आत्मकथेवरचा. दा नांगजवळच्या एका खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी, दोन्ही बाजूंच्या सैन्यांच्या कचाट्यात सापडलेली. त्यावर तीन कोटी तीस लाख डॉलर खर्च झाले आणि अमेरिकेत जमले ५९ लाखही नाहीत. म्हणजे ‘प्लॅटून’ बनवायला जेवढे लागले, तेवढेसुद्धा नाही.

या अपयशाला इतर कारणेही आहेत. परीक्षणे संमिश्र होती, चित्रपट लांब होता, व्हिएतनामचा विषयही तोवर जुना झाला होता. तरी ‘प्लॅटून’ पुन्हा पाहावा. त्यात व्हिएतनामी माणसे किती आहेत? झाडीतली सावली, जळणाऱ्या गावातली रडणारी म्हातारी, एक-दोन प्रेते. त्या युद्धात व्हिएतनामी माणसे लाखोंनी मेली. अमेरिकेने पश्चात्ताप केला, पण तो आपल्या पोरांना तिथे पाठवल्याचा. ज्यांच्या घरात जाऊन ते युद्ध केले, त्या घरातली बाई स्वतः बोलायला लागली तेव्हा चित्रपटगृहे रिकामी राहिली.

‘प्लॅटून’ हा प्रामाणिक चित्रपट आहे, याविषयी मला शंका नाही. लष्कराची मेहेरबानी नसल्यामुळेच तो तसा राहू शकला. पण साडेचारशे वर्षे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदपत्रांत आपले पूर्वज शोधणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्याचे आकडे वाचताना तेवीस पटीवर थांबू नये. त्याच दिग्दर्शकाच्या, त्याच युद्धावरच्या तिसऱ्या चित्रपटाचा हिशेब शेजारी मांडावा आणि मगच बेरीज करावी.