भांडी घासायचा स्पंज: लिंबू, उकळतं पाणी की ऊन? तो जास्त दिवस टिकवायचा कसा आणि टाकायचा कधी?

किराणा दुकानात दहा-वीस रुपयांत मिळणारा हिरवा-पिवळा स्पंज आता बहुतेक घरांत पोहोचला आहे. एक बाजू खरखरीत, दुसरी मऊ. नवा असताना तो फेसही छान देतो. पण पंधरा दिवसांत त्याला आंबूस वास येऊ लागतो, कडा तुटतात आणि प्रश्न पडतो की हा धुवून वापरायचा की टाकून द्यायचा?

यवतमाळसारख्या जिल्ह्यात याचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं. मे महिन्यात अंगणात ठेवलेला स्पंज काही तासांत कडक वाळतो. तोच स्पंज जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर ओलाच राहतो. स्पंज किती दिवस टिकेल, हे बरंचसं या ओलाव्यावर ठरतं.

स्पंजातच जंतू का वाढतात?

स्पंजाचा मऊ भाग बहुधा पॉलीयुरेथेन फोमचा आणि हिरवी बाजू नायलॉनसारख्या धाग्यांची असते. फोममध्ये हजारो बारीक छिद्रं असतात. पाणी, साबण, वरणाचे कण, भाकरीचं पीठ आणि तेल हे सगळं त्या छिद्रांत जाऊन बसतं. जंतूंना वाढायला ओलावा, अन्न आणि ऊब लागते. आपल्या स्वयंपाकघरातल्या स्पंजात या तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळतात.

जर्मनीतल्या फुर्टवांगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात वापरलेल्या १४ स्पंजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जंतूंचे ३६२ गट आढळले. काही ठिकाणी एका घन सेंटीमीटरमध्ये तब्बल ५४ अब्ज जंतू होते.

हा आकडा वाचून घाबरून जायची गरज नाही. यातले बहुतेक जंतू निरोगी माणसाला आजारी पाडत नाहीत. काळजी घ्यायला हवी ती घरात तान्हं बाळ, गरोदर बाई, वयस्कर माणूस किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल तेव्हा. शिवाय कच्चं चिकन, मासे किंवा अंडी यांची भांडी त्याच स्पंजाने घासली तर साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू स्पंजातून इतर भांड्यांवर आणि ओट्यावर जाऊ शकतात.

लिंबू आणि व्हिनेगरने स्पंज स्वच्छ होतो का?

वास जातो, जंतू मात्र पुरेसे मरत नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या संशोधकांनी २००७ मध्ये वेगवेगळ्या पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या. लिंबाचा रस, ब्लीचचं पाणी किंवा नुसतं शुद्ध पाणी यांत स्पंज भिजवल्यावर ३७ ते ८७ टक्के जंतू मेले. ८७ टक्के ऐकायला भरपूर वाटतं. पण कोट्यवधी जंतूंपैकी १३ टक्के उरले तरी ते लाखांत असतात आणि ओल्या स्पंजात पुन्हा झपाट्याने वाढतात. ओला स्पंज एक मिनिट मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्यावर मात्र जवळपास सगळे जंतू मेले.

ब्लीच कमी का पडलं? स्पंजात अडकलेलं अन्न आणि तेल यांच्याशीच क्लोरीनची क्रिया होते आणि त्याचा जोर तिथेच संपतो. म्हणून ब्लीच वापरायचं असेल तर आधी स्पंज नीट धुऊन त्यातलं अन्न काढा, मग बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच वापरा. ब्लीच किंवा टीसीएल पावडर कधीही लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये मिसळू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

लिंबाचा एक उपयोग मात्र नक्की आहे. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्यांचा पांढरट थर बसून स्पंज कडक होतो. लिंबू किंवा व्हिनेगरमध्ये तो थर विरघळतो आणि स्पंज पुन्हा मऊ होतो.

घरात मायक्रोवेव्ह नसेल तर?

उकळतं पाणी वापरा. जुन्या पातेल्यात स्पंज पूर्ण बुडेल एवढं पाणी घेऊन पाच मिनिटं उकळा. स्पंज वर तरंगतो, म्हणून त्यावर चमचा किंवा छोटी ताटली ठेवा. गार झाल्यावर घट्ट पिळा. आठवड्यातून दोनदा एवढं पुरतं.

मायक्रोवेव्ह वापरणार असाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्पंज पाण्याने पूर्ण भिजलेला हवा, कारण कोरडा स्पंज पेट घेऊ शकतो. आणि ज्यात धातूची तार आहे अशी घासणी आत ठेवायचीच नाही.

मग वाळवण्याला एवढं महत्त्व का?

जर्मनीतल्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जे लोक आपला स्पंज नियमित निर्जंतुक करत असल्याचं सांगत होते, त्यांच्या स्पंजातही जंतू कमी नव्हते. उकळून काही जंतू मेले, तरी स्पंज पुन्हा ओला आणि खरकटा राहिला की उरलेल्यांना मोकळं रान मिळतं.

नॉर्वे आणि पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०२१ मध्ये स्पंज आणि भांडी घासायचे ब्रश यांची तुलना प्रसिद्ध केली. स्पंजात साल्मोनेला टिकून राहिला, वाढलाही. ब्रश मात्र दोन वापरांच्या मधल्या वेळात वाळतो आणि वाळलेल्या ब्रशवर साल्मोनेला मरत गेला. म्हणजे स्वच्छतेचं निम्मं काम वाळवण्यातच होतं.

यवतमाळकरांसाठी ही चांगली बातमी आहे. पावसाळ्याचे महिने सोडले तर इथे ऊन आणि कोरडी हवा फुकट मिळते. उन्हातले अतिनील किरण स्पंजाच्या आतपर्यंत पोहोचत नाहीत, पण ऊन ओलावा काढून टाकतं आणि खरा फायदा तोच आहे. पावसाळ्यात हा आधार जातो. त्या दिवसांत स्पंज जास्त वेळा उकळावा लागतो आणि लवकर बदलावाही लागतो.

स्पंज जास्त दिवस टिकवण्यासाठी काय कराल?

- दोन स्पंज ठेवा आणि आलटून पालटून वापरा. एक वापरात असताना दुसरा वाळतो. दोन्ही जास्त टिकतात.
- स्पंज साबणाच्या डबीत, वडीवर किंवा सिंकच्या तळाशी ठेवू नका. चिमट्याने दोरीला अडकवा किंवा जाळीवर उभा ठेवा.
- भांड्यातलं खरकटं आधी काढा. परातीला चिकटलेली कणीक थोडा वेळ भिजवून मग घासा.
- तवा, कढई आणि करपलेल्या पातेल्यासाठी तारेची घासणी किंवा काथ्या वापरा. गरम तव्यावर स्पंज घासला की फोम वितळतो आणि फाटतो.
- काम झाल्यावर स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा दाबून धुवा आणि पिळा. पिरगळू नका, दोन तळव्यांत दाबा. पिरगळल्याने फोम तुटतो.
- कच्च्या मांसाची भांडी आणि ओटा यांसाठी वेगळी घासणी ठेवा. घरकामाला येणाऱ्या ताईंनाही कोणती कशासाठी ते सांगा.

पाणीच कमी असेल तेव्हा?

यवतमाळ शहराला निळोणा आणि चापडोह या धरणांचं पाणी मिळतं. २०१७ मध्ये पाऊस कमी झाला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र टंचाई पाहिली. अशा दिवसांत एकाच टबातल्या पाण्यात सगळी भांडी घासली जातात आणि स्पंजही त्याच गढूळ पाण्यात राहतो.

तेव्हा क्रम पाळा. आधी पेले आणि वाट्या, मग ताटं, शेवटी तेलकट पातेली. तर्रीचं तेल आधी जुन्या कागदाने पुसून घेतलं तर साबण आणि पाणी दोन्ही कमी लागतं. आणि शेवटचा एक पेला स्वच्छ पाणी स्पंज धुण्यासाठी राखून ठेवा.

टाकायचा कधी?

जर्मन संशोधकांचा सल्ला दर आठवड्याला बदलण्याचा आहे. प्रत्येक घराला ते परवडेल असं नाही. मग निदान ही लक्षणं दिसली की थांबू नका: उकळून, वाळवूनही वास परत येतो, स्पंज हाताला बुळबुळीत लागतो, फोमचे तुकडे पडतात किंवा हिरवी बाजू सुटते. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या असतील किंवा स्पंजाला कच्च्या मांसाचं पाणी लागलं असेल, तर तो नवा असला तरी बदला.

जुन्या स्पंजाचा एक कोपरा कापून खूण करा आणि तो मोरी किंवा सायकल धुवायला घ्या. कापलेला कोपरा दिसला की तो चुकून भांड्यांकडे येत नाही.

जुने पर्याय कामाचे आहेत का?

हो. वेलीवरच वाळलेल्या गिलक्याची साल आणि बिया काढल्या की जाळीदार चोथा उरतो. तो भांडी घासायला चांगला आहे, मोकळ्या हवेत वाळतो आणि शेवटी मातीत मिसळून जातो. फोम आणि नायलॉन तसे कुजत नाहीत. मात्र चोथ्यालाही स्पंजाचेच नियम लागू आहेत. तो ओला ठेवला तर त्यातही जंतू वाढतात.

गावाकडे आजही चुलीतल्या पऱ्हाटीच्या राखेने भांडी घासली जातात. राखेत क्षार असतात, त्यामुळे तेलकटपणा निघतो. आणि वापरलेली राख पाण्याबरोबर वाहून जाते, उद्यासाठी ओली पडून राहत नाही. राख फक्त स्वच्छ लाकडाची किंवा पऱ्हाटीची असावी. प्लास्टिक किंवा रंगवलेलं लाकूड जाळलेली राख भांड्यांना लावू नये.