टाकीची आतली बाजू

तुमच्या न्हाणीघरात ए. ओ. स्मिथचा गीझर असेल, तर त्याच्या पोटात काचेचा थर असतो हे दुकानदाराने कौतुकाने सांगितलं असेल. तो थर मुळात बिअरच्या टाकीतला, हे मात्र त्याने सांगितलं नसेल. मिलवॉकीत मोटारींच्या चौकटी बनवणाऱ्या या कंपनीने १९३३ साली, अमेरिकेतली दारूबंदी उठायच्या सुमारास, आतून काच चढवलेल्या पोलादी टाक्या ब्रुअऱ्यांसाठी करायला घेतल्या. पाणी तापवायच्या टाकीला तीच युक्ती लावली ती नंतर.

मी मिलवॉकीजवळ राहतो. नोकरीभर दुधाच्या टाक्या केल्या, आधी सांगलीकडे आणि मग इथे विस्कॉन्सिनमध्ये. आता गॅरेजमध्ये ओळखीपाळखीच्या लोकांना घरची बिअर आंबवायच्या टाक्या करून देतो. स्वतः फारशी पीत नाही. ‘न पिणारा गुत्तेवाला’ असं बायको म्हणते. पण टाकी हा माझा विषय आहे, आणि टाकीबद्दल लोक बोलतात ते बहुतेक वेळा बाहेरच्या चकाकीबद्दल. खरा इतिहास आतल्या बाजूला घडलेला आहे.

कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवू नये, हे आपल्याकडे शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही ठाऊक असे. बिअरही आंबटच, पीएच साडेचारच्या आगेमागे. उघडं लोखंड तिला सोसत नाही, चव लगेच बिघडते. म्हणून प्रत्येक काळाने आपापली कल्हई शोधली. जर्मनी आणि बोहेमियात ओकच्या पिंपांना आतून पाइनच्या झाडाची राळ वितळवून फासत. राळ झिजली की खरवडून पुन्हा फासायची. प्लझेनच्या तळघरांत अशी काही पिंपं आजही जपली आहेत. यॉर्कशरच्या लोकांनी तर पाटीच्या दगडाचे चौकोनी हौद बांधले. टॅडकॅस्टरच्या सॅम्युएल स्मिथ ब्रुअरीत अजून त्यांतच बिअर आंबते. पाटीचा दगड काही शोषत नाही, गंजत नाही, आणि हलवताही येत नाही.

लंडनच्या पोर्टरवाल्यांना मात्र आतल्या थरापेक्षा आकाराची हौस. एकाहून एक प्रचंड लाकडी पिंपं, भोवती लोखंडी कड्या. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी म्यूक्सच्या ब्रुअरीत सुमारे बावीस फूट उंचीच्या पिंपाची एक कडी निसटली, थोड्या वेळाने पिंप फुटलं, आणि शेजारच्या गरीब वस्तीत शिरलेल्या बिअरच्या लोंढ्याने आठ जणांचा जीव घेतला. कडी निसटणं ही तिथे नेहमीचीच गोष्ट मानत, म्हणून कोणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. दाबाखाली असलेल्या भांड्याची थट्टा करू नये, हे मी गिऱ्हाइकाला समजावतो तेव्हा याच पिंपाची गोष्ट सांगतो.

बिअर जंतूंनी बिघडते हे सांगणारं पाश्चरचं पुस्तक १८७६ चं. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेनने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं. इथून लाकडाचे दिवस भरले. यीस्ट शुद्ध आणि पिंपाच्या भेगांत मात्र भलतेच जंतू, तर उपयोग काय? गुळगुळीत, धुता येणारा पृष्ठभाग हवा झाला. तांबं, ॲल्युमिनियम, एनॅमल, काच, सगळं करून झालं. काच सगळ्यांत स्वच्छ, पण टवका उडाला की खालचं पोलाद उघडं.

ज्या स्टेनलेस पोलादाच्या पत्र्याने हा प्रश्न सोडवला तो बिअरसाठी जन्मला नव्हता. शेफिल्डचा हॅरी ब्रेअर्ली १९१३ मध्ये बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून पाहत होता. जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात श्ट्राउस आणि माउरर यांनी त्याच सुमाराला क्रोमियमबरोबर निकेलही घातलं. आपण आज वापरतो तो ३०४ क्रमांकाचा पत्रा त्या निकेलवाल्या घराण्यातला, साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल. क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून स्वतःच एक अदृश्य पापुद्रा धरतं. ओरखडा पडला तरी तो पुन्हा धरतो. कल्हईवाल्याची वाट बघायला नको.

आता घरची बिअर. दारूबंदीच्या काळात, १९२० नंतर, अमेरिकन लोक घरोघरी चिनी मातीच्या बरण्यांत बिअर आंबवत. माल्टचा पाक किराणा दुकानात उघड मिळे, कारण तो ‘खाद्यपदार्थ’. मिलवॉकीच्या पॅब्स्टने त्या वर्षांत माल्टचा पाक विकला आणि चीजही विकलं. बंदी उठली, घरी वाइन करायला परवानगी मिळाली, पण घरच्या बिअरचा उल्लेख कायद्यात राहून गेला तो राहूनच गेला. अखेर १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी ती मुभा देणाऱ्या कायद्यावर सही केली. एकट्या प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोघे असतील तर २००, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर, करमाफ. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांना तर २०१३ उजाडावं लागलं.

कायदा आला तरी भांडं कुठलं? दुकानात मिळे ती प्लास्टिकची बादली आणि पाच गॅलनची काचेची बरणी, जी ओल्या हातातून निसटली की टाके पडतात. पोलादी टाकी होती ती मोठ्या ब्रुअरीसाठी, हजारो लिटरची. म्हणून लोक भंगाराकडे वळले. नौदलात राहिलेल्या जॅक मॅकॉलिफने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सोनोमाला न्यू अल्बियन ही चिमुकली ब्रुअरी काढली. त्याने आंबवायला घेतली ती कोकाकोलाच्या पाकाची ५५ गॅलनची रिकामी स्टेनलेस पिंपं. वेल्डिंग स्वतः केलं. चिको गावच्या केन ग्रॉसमनने सिएरा नेवाडा उभी करताना डेअऱ्यांची जुनी यंत्रसामग्री जमवली आणि वेल्डिंगच्या वर्गाला नाव घातलं. माझ्या मते अमेरिकेच्या या नव्या बिअरचं श्रेय हॉप्सवाल्यांपेक्षा दूधवाल्यांना जास्त आहे. स्वच्छ शिवण कशी घालायची आणि नळीत कुठे काही साचू द्यायचं नाही, हे डेअरीने आधीच शिकून ठेवलं होतं. क्लॅम्प लावून हाताने उघडता येणारे जोडसुद्धा आमच्याकडूनच गेले.

माझ्याकडे लोक सुरुवातीला साडेपंधरा गॅलनचे बिअरचे केग घेऊन येत, बूड कापून उलटं करायला. मी आधी विचारायचो, केग तुझा का? कारण डिपॉझिट भरलं म्हणून केग आपला होत नाही, तो ब्रुअरीचाच राहतो. नवीन पत्र्याची टाकी करणं मला जास्त आवडतं. खाली शंकू हवा, म्हणजे यीस्ट तळाशी गोळा होतं आणि वरच्या बिअरला धक्का न लावता तोटीतून काढता येतं. ही कल्पना विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, लिओपोल्ड नाथानची, पण मोठ्या ब्रुअऱ्यांनी ती सर्रास उचलली ती १९६०-७० च्या दशकांत.

शंकूचा कोन साठ अंश ठेवला की हिशेब फार देखणा येतो. उलगडलेला पत्रा म्हणजे बरोबर अर्धवर्तुळ, आणि त्याची त्रिज्या टाकीच्या व्यासाएवढी. ३५० मिलिमीटर व्यासाच्या टाकीला ३५० त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापा, गोलवा, एक शिवण घाला. वर साडेचारशे मिलिमीटर उंचीचं नळकांडं बसवलं की आतमध्ये त्रेपन्न लिटर मावतात. चाळीस लिटर बिअर आणि वर फेसाला जागा.

सगळी मेख त्या शिवणीत. बाहेरून आर्गॉन वेल्डिंग करताना आतूनही आर्गॉन भरावा लागतो. नाहीतर तापलेल्या पत्र्याची आतली बाजू हवेने जळते आणि रवाळ काळी खरपुडी धरते. तिच्या खळग्यांत जंतू लपतात, कितीही धुवा. नंतर शिवण घासून पत्र्याला मिळवायची आणि सायट्रिक ॲसिडने धुवायची, म्हणजे क्रोमियमचा पापुद्रा पुन्हा नीट बसतो. एवढं करून कोणी टाकीत ब्लीच भिजत घालून सुट्टीला गेला, तर क्लोराइड त्या पापुद्र्याला भोकं पाडतं. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

हल्ली तयार शंकूच्या टाक्या इतक्या स्वस्त मिळतात, की माझ्या मजुरीत दुसरी येईल. पुण्याचा पुतण्या तरी ड्रॉइंग मागत होता. त्याला म्हटलं, तुमच्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा. २००९ पासून पुण्यात परवान्याच्या मायक्रोब्रुअऱ्या निघाल्यात, त्यांच्या टाक्या करायला शीक. सध्या तो चाकणला दुधाच्या आणि औषधांच्या टाक्या करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये जातो, आणि शिवण आतून काळी आली की रात्री-अपरात्री मला फोन करून आर्गॉनच्या बाटलीला शिव्या देतो.