एक खून, दोन कबुल्या

आरोपीने गुन्हा कबूल केला की आपण निश्चिंत होतो. पण एकाच खुनाची कबुली दोघांनी दिली तर? १९४९ साली लंडनमधील १०, रिलिंग्टन प्लेस ह्या घरी टिमथी एव्हान्सची पत्नी आणि तान्ही मुलगी यांची प्रेते सापडली. अर्धशिक्षित एव्हान्सने जबान्या बदलल्या, शेजारी क्रिस्टीवर आळ घेतला, मग दोन्ही खून पत्करले. न्यायालयात पुन्हा नाकारले. तेथे क्रिस्टी मात्र सरकारी साक्षीदार! मुलीच्या खुनाबद्दल एव्हान्स मार्च १९५० मध्ये फासावर चढला. १९५३ साली त्याच घरात आणखी प्रेते निघाली, आणि एव्हान्सच्या पत्नीला आपणच मारले, असे क्रिस्टी सांगू लागला. मुलीबद्दल मात्र नकार! १९६६ साली न्यायमूर्ती ब्रेबिन यांनी मत दिले: पत्नीला बहुधा एव्हान्सने मारले, मुलीला नव्हे. त्याच वर्षी मृत एव्हान्सला माफी मिळाली. ती कशाची, कोण जाणे!