आज्ञा उरते, आज्ञा देणारा उरत नाही

या मालिकेत आपण आजवर खऱ्या लढायांबद्दल बोललो. आज बोलायचे आहे एका व्हिडिओ गेमबद्दल. साठी उलटलेल्या फौजी माणसाला हे काय सुचले, असे तुम्हाला वाटेल. बंगळुरूला भाच्याकडे गेलो होतो, त्याने आग्रहाने शेजारी बसवून हा गेम दाखवला. त्याच्या शेवटाबद्दलही मी बोलणार आहे. ज्यांना स्वतः खेळायचा आहे, त्यांनी आधी खेळून यावे.

गेमचे नाव ‘निअर : ऑटोमाटा’. 2017 साली जपानमध्ये तो प्रसिद्ध झाला. दिग्दर्शक योको तारो, निर्मिती ओसाकाच्या प्लॅटिनमगेम्सची, प्रकाशक स्क्वेअर एनिक्स. काळ आहे इसवी सन 11945. परग्रहवासीयांनी पाठवलेल्या यंत्रांनी पृथ्वी व्यापली आहे आणि माणसे चंद्रावर आश्रयाला गेली आहेत. त्यांच्या वतीने माणसासारखे दिसणारे अँड्रॉइड सैनिक लढतात. टूबी आणि नाईनएस हे त्यांतले दोघे. मानवजातीचा जयघोष हे त्यांचे ब्रीद.

पुढे कळते, की चंद्रावर कोणीच नाही. माणूस हजारो वर्षांपूर्वीच नामशेष झालेला आहे. लढणाऱ्यांना जगायला कारण हवे, म्हणून चंद्रावरच्या मानव परिषदेचे सोंग उभे केले आहे. तिकडे यंत्रांनीही आपल्या परग्रही मालकांना कधीच संपवले आहे. म्हणजे दोन्ही फौजांचे धनी मेलेले आणि युद्ध मात्र चालूच.

ही केवळ कल्पना वाटत असेल, तर इतिहासाकडे वळू. डिसेंबर 1944 मध्ये सेकंड लेफ्टनंट हिरू ओनोदा यांना फिलिपिन्सच्या लुबांग बेटावर पाठवले गेले. हुकूम होता : शरण जायचे नाही, स्वतःचा जीवही घ्यायचा नाही. 1945 मध्ये जपान शरण गेला. विमानांतून पत्रके टाकली गेली. ओनोदांना तो शत्रूचा डाव वाटला. त्यांचा शेवटचा साथीदार 1972 मध्ये गोळीबारात मारला गेला. अखेर मार्च 1974 मध्ये त्यांचे जुने वरिष्ठ मेजर तानिगुची स्वतः जंगलात गेले, त्यांनी हुकूम रद्द झाल्याचे वाचून दाखवले, तेव्हा कुठे ओनोदांनी शस्त्र खाली ठेवले. जवळपास एकोणतीस वर्षे! या काळात त्या टोळीच्या हातून बेटावरचे सुमारे तीस लोक मारले गेले, हेही विसरू नये. निष्ठेचे कौतुक करताना त्यांची आठवण कोणी काढत नाही.

मी तरुण अधिकारी असताना उंचावरच्या एका चौकीत आमचा वायरलेस दोन दिवस बंद पडला. जवान रोज सकाळी विचारायचे, “साब, नया हुकूम?” मी म्हणायचो, “पुराना ही चलेगा.” त्यांनी दुसरा प्रश्न केला नाही. तेव्हा मला या गोष्टीचा अभिमान वाटला होता. आज वाटते, त्या विश्वासाचे ओझे माझ्यावर होते, आणि मला ते पुरते कळलेही नव्हते.

गेम ही कला आहे का, हा वाद जुना आहे. चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांनी 2010 मध्ये ठामपणे ‘नाही’ म्हटले होते. 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने चौदा गेम आपल्या संग्रहात घेतले. माझे उत्तर मात्र भाच्याच्या हातातल्या कंट्रोलरने दिले.

पहिल्या फेरीत टूबी होऊन तुम्ही यंत्रे तोडत सुटता. ती भंगाराच्या डब्यांसारखी दिसतात, त्यामुळे काही वाटत नाही. दुसरी फेरी सुरू होते, तेव्हा तुम्ही एक छोटे यंत्र असता. निपचित पडलेल्या भावाला जागे करायला तेलाची बादली घेऊन, अडखळत चाललेले. पुढे त्याच जुन्या लढाया आता नाईनएसच्या बाजूने लढायच्या. ठार केलेल्या शत्रूंच्या कहाण्या आता कळू लागतात. चित्रपटात आपण दुसऱ्याने मारलेले पाहतो. इथे बटण आपणच दाबलेले असते, म्हणून जबाबदारीही आपलीच. लढणे सोडलेल्या यंत्रांच्या गावाचा म्होरक्या पास्कल तुमच्यापुढे असा प्रश्न ठेवतो, की हात थबकतो. तो काय, ते सांगत नाही.

आणि शेवट. श्रेयनामावलीतली नावेच तुमच्यावर गोळ्या झाडतात. एकट्याने जिंकणे जवळजवळ अशक्य. मग जगभरातल्या अनोळखी खेळाडूंची मदत येते. जिंकल्यावर गेम विचारतो : असेच कोणा अनोळखी माणसाला मदत करायची का? त्यासाठी तुमचे सगळे सेव्ह पुसले जातील. इथे कोणी हुकूम देत नाही, नुसते विचारले जाते.

भाच्याने अनेक आठवड्यांची मेहनत पुसून टाकली.

मी विचारले, “कोणासाठी रे?”

“माहीत नाही, मामा.”

डेहराडूनला आम्हाला शिकवले होते : आधी देश, मग हाताखालचे जवान, शेवटी आपण. पण त्यागाची किंमत हुकमाच्या खरेपणावर अवलंबून असते, हे कोणी शिकवले नव्हते. हुकूम देणाऱ्याने तो वेळीच मागेही घ्यायचा असतो. तानिगुची एकोणतीस वर्षांनी का होईना, गेले. त्या गेममधल्या सैनिकांसाठी कोणी आले नाही.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.