बुलेट कीं जावा ?

जुनी मोटारसायकल घेऊं इच्छिणाऱ्या पुणेकर गृहस्थापुढें बहुधा दोन नांवें उभीं राहतात : बुलेट आणि जावा. दोहोंचें कूळ परदेशी. लष्करानें सीमेवरील गस्तीसाठीं निवडलेली इंग्लंडची बुलेट १९५५ सालापासून मद्रासेंत जुळविली जाऊं लागली. चेकोस्लोव्हाकियाची जावा १९६१ सालीं म्हैसुरास तयार होऊं लागली.

बुलेटचें ३४६ सी.सी.चें फोर-स्ट्रोक इंजिन भारदस्त, धीम्या चालीचें. जावाचें २४९ सी.सी.चें टू-स्ट्रोक, तिच्या पेट्रोलांत तेल मिसळावें लागतें. एकाच दांड्यानें किक मारावी व गिअरहि बदलावा, या तिच्या युक्तीची कोणासहि मोहिनी पडावी.

परंतु जुनें यंत्र घेणारा त्याच्या कारखान्याचा इतिहासहि पदरांत घेत असतो. रेडिचचा मूळ इंग्लिश कारखाना १९६७ सालीं बंद पडला, तरी मद्रासची बुलेट निघतच राहिली. उलट जावा, पुढें येझदी, घडविणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ सालीं मिटला. २०१८ सालीं जावा हें नांव परत आलें. पण तें इंजिन सर्वस्वीं निराळें. म्हणून जावाचा सौदा ठरविण्यापूर्वीं नाना पेठेंतील दुकानांत सुट्या भागांची चौकशी करावी, आणि इंजिन व चासी यांचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशीं ताडून पहावे.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांतील वाहनास 'व्हिंटेज' अशी वेगळी नोंद दिली. मात्र तें वाहन प्रदर्शन, रॅली अशा प्रसंगींच रस्त्यावर आणतां येतें. तेव्हां गाडी जपावयाची कीं रोज फिरवावयाची, हें आधीं ठरवावें. बुलेट कीं जावा, हा प्रश्न त्यानंतरचा.