दप्तर कोणाचे?

बालाघाट या नावाचा अर्थ घाटावरचा प्रदेश. परंतु बालाघाट शहरी येणाऱ्या प्रवाशास दिसते ते निराळेच. शहर घाटाखाली, वैनगंगेच्या खोऱ्यात वसलेले आहे, आणि घाटमाथा बैहरकडे राहिला आहे. नाव घाटावरचे आणि कचेरी घाटाखाली, असे का व्हावे? याचा उलगडा सी. ई. लो यांनी संपादिलेल्या १९०७ च्या जिल्हा गॅझेटिअरात सापडतो. १८६७ साली मंडला, सिवनी व भंडारा या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा निर्माण करण्यात आला, तेव्हा घाटावरील विरळ वस्तीचा मुलूख वसवावा, असा सरकारचा मूळ हेतू होता. हेतूवरून जिल्ह्यास नाव मिळाले. कचेरी मात्र खाली बुढा या गावी बसली, आणि पुढे त्या गावासही जिल्ह्याचेच नाव चिकटले.

गोष्ट लहान आहे, पण तिच्यात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. एखाद्या जिल्ह्याला आपल्या नावाचे कारणसुद्धा सरकारी कागदात पाहावे लागते. मग ज्याची जमीन, ज्याची चराई, ज्याची पाऊलवाट त्याच कागदात नोंदलेली आहे, त्याने तो कागद मागितला तर तो त्याला मिळावयास हवा की नको? या मागणीचा इतिहास आपल्याकडे जुना आहे.

मराठेशाहीत कागद केवळ सरकारदप्तरी राहत नसे. वतनाचा तंटा लागला म्हणजे गोतसभा बसे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. जिंकलेल्या पक्षास निवाड्याचा कागद मिळे, आणि हरलेल्याकडून यजितखत लिहून घेत. हा कागद पिढ्यान्‌पिढ्या घरच्या पेटीत जपला जाई. कुळकर्णी आणि देशपांडे यांच्या घरांतही गावाची व परगण्याची दप्तरे असत. ही व्यवस्था सर्वांना सारखी न्यायाची होती, असे नव्हे. वतनदाराला कागद होता, तसा गावकुसाबाहेरच्या माणसाला नव्हता. तरीही कागदाचा वास घराघरांतून होता, हे खरे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. इनामांची चौकशी चालली, तेव्हा त्या दप्तराचा उपयोग सरकारने आपल्या कामासाठी भरपूर केला. ज्यांच्या पूर्वजांविषयी ते लिहिलेले होते, त्यांस मात्र ते सहजी पाहावयास मिळत नसे. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या वजनदार पुरुषामुळे आणि गणेश चिमणाजी वाड यांच्या परिश्रमामुळे पेशव्यांच्या रोजनिशीतील उतारे पुढे आले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी वाडे आणि वतनदारांची घरे धुंडाळून खाजगी दप्तरे मिळविली, व १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे एकामागून एक खंड प्रसिद्ध केले. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर बाहेर पडले. राज्य बुडाल्यापासून इथवर येण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली.

नागपूरकर भोसल्यांच्या मुलुखातही हाच पालट झाला. १८५४ मध्ये ते राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला, आणि त्यानंतर ठिकठिकाणी जमाबंदीची कामे सुरू झाली. मालगुजारास गावाचा मालक ठरविण्यात आले. शेताशेताचा खसरा आणि नकाशा तयार झाला. गावाच्या वहिवाटी, म्हणजे जळाऊ लाकूड कोठून आणावे, गुरे कोठे चारावी, पाणी कोणत्या वाटेने न्यावे, या गोष्टी ‘वाजिब-उल-अर्ज’ नामक कागदात नोंदण्यात आल्या. या सर्व कागदांची मिसल बांधून ती जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये ठेवली गेली. अशा रीतीने गावाची स्मृती कचेरीत गेली, आणि रयतेच्या हाती अर्ज करणे तेवढे उरले.

बैहरच्या डोंगरातील बैगा आणि गोंड यांची स्थिती याहून बिकट होती. वतनदाराच्या घरी निदान एखादा जुना कागद असे. यांच्या घरी कागद कधी आलाच नव्हता. ज्या रानात ते फिरले, त्याची सीमा वनखात्याने आखली, त्यांची शिरगणती सरकारने केली, त्यांच्या चालीरीती अधिकाऱ्यांनी लिहिल्या. त्यांच्याविषयी जे जे लिहिले गेले, ते परक्या हातांनी लिहिले गेले आणि सरकारी कपाटात राहिले.

कायद्याची गंमत अशी की, इंग्रजांनी एका हाताने दार किंचित उघडले आणि दुसऱ्या हाताने ते लावून घेतले. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने, ज्याला सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा हक्क आहे, त्याने फी भरून प्रमाणित नक्कल मागितली तर ती दिली पाहिजे, असे ठरविले. परंतु १८८९ मध्ये आणि पुन्हा १९२३ मध्ये सरकारी गुप्ततेचे कायदे झाले. त्यांच्या छायेत कचेरीची वृत्ती अशी बनली की, कागद दाखविणे ही मेहेरबानी आणि तो झाकणे हे कर्तव्य.

स्वातंत्र्यानंतर १९५१ साली मालगुजारी गेली. मालगुजाराची राने सरकारजमा झाली, आणि गावकऱ्यांच्या वहिवाटीसाठी ‘निस्तारपत्रक’ तयार करण्याची तरतूद झाली. मग १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला, आणि राजधानी नागपूरहून भोपाळास गेली. माणसे जेथल्या तेथे राहिली, परंतु त्यांच्या कागदांची वाटणी झाली. म्हणून या जिल्ह्याचा जुना कागद शोधणाराने आधी भूगोल ध्यानी घेतला पाहिजे. १८६७ पूर्वीची नोंद हवी असेल, तर ते गाव तेव्हा भंडारा, मंडला की सिवनी जिल्ह्यात होते, हे पाहावे. त्यानंतरच्या काळी जिल्ह्यात बालाघाट आणि बैहर या दोनच तहसिली होत्या. आज तहसिली वाढल्या आहेत, म्हणून आजच्या तहसिलीचे नाव घालून जुनी मिसल सापडेलच असे नाही.

कागद मागणे हा नागरिकाचा हक्क आहे, हा विचार आपल्या न्यायासनापुढे १९७५ साली राजनारायण खटल्यात स्पष्टपणे मांडला गेला. लोकांच्या नावाने चालणाऱ्या कारभाराची माहिती लोकांना असली पाहिजे, असे न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी सांगितले. तो विचार पुढे नेला तो राजस्थानातील मजुरांनी. दुष्काळी कामावरील आपल्या मजुरीचा हिशोब लागावा, म्हणून त्यांनी हजेरीपट पाहावयास मागितले, आणि १९९६ साली ब्यावर येथे त्यासाठी धरणे धरले. महाराष्ट्राने २००२ मध्ये कायदा केला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा पूर्णपणे अमलात आला. या कायद्यान्वये अर्जदाराला कारण सांगावे लागत नाही. मध्य प्रदेशात अर्जाची फी दहा रुपये असून दारिद्र्यरेषेखालील माणसास तीही माफ आहे. उत्तर तीस दिवसांत मिळावयास हवे. न मिळाल्यास त्याच खात्यातील वरिष्ठाकडे पहिले अपील आणि मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. कागद प्रत्यक्ष पाहण्याचा, त्यावरून टिपणे घेण्याचा आणि प्रमाणित नक्कल मागण्याचा हक्क यात आहे. वीस वर्षांहून जुन्या घटनांच्या बाबतीत तर नकाराची कारणे फारच थोडी उरतात.

या हक्काची खरी कसोटी बालाघाटसारख्या जिल्ह्यात लागते. २००६ च्या वनाधिकार कायद्याने रानातील रहिवाशांचे हक्क मान्य केले. परंतु जे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत, त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. याचा अर्थ पुरावा १९३० पर्यंत मागे न्यावयाचा. १९३० साली गरीब गुराख्याच्या घरी कोणता कागद असणार? जो काही असेल तो जमाबंदीच्या मिसलीत, वनखात्याच्या कार्ययोजनेत किंवा गॅझेटिअरात. कायद्याचे नियम याच कागदांना पुरावा म्हणून मान्यता देतात. म्हणजे सरकार नागरिकाकडे पुरावा मागते, आणि तो पुरावा असतो सरकारच्याच कपाटात! नियमांनी ही अडचण काही अंशी ओळखली आहे. उपविभागीय समितीने ग्रामसभेला वन व महसूल नकाशे पुरवावयाचे आहेत, वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही पुराव्यात धरले जाते, आणि २०१२ च्या दुरुस्तीप्रमाणे अमुकच कागद हवा असा हट्ट धरून दावा फेटाळता येत नाही.

तथापि हक्क असणे निराळे आणि तो बजावता येणे निराळे. ‘गावाचे सर्व कागद द्या’ अशा मोघम अर्जाला मोघमच उत्तर येते. मौजा, पटवारी हलका, जुनी तहसील, जमाबंदीचे साल आणि कागदाचे नाव, एवढे लिहिले म्हणजे कारकुनाला कपाट उघडावे लागते. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर तो कोणत्या आदेशाने व केव्हा नष्ट केला, त्या नोंदीची नक्कल मागावी. कागद खरोखर नष्ट झाला असेल तर त्याचीही नोंद सापडावी, आणि ती नसेल तर शोध पुरा झालेला नाही असे समजावे.

राजवाडे दारोदार हिंडले, ते सरदारांचा आणि सरकारकुनांचा इतिहास गोळा करण्यासाठी. बैहरच्या रानातील माणसाचा इतिहास अशा कोणत्याही वाड्यात सापडावयाचा नाही. तो सापडेल रेकॉर्ड रूममधील धुळीने माखलेल्या एखाद्या मिसलीत, दोन ओळींच्या नोंदीत. ती नोंद मागणारा माणूस भिक्षा मागत नसतो. आपल्या आजोबांविषयी सरकारने काय लिहून ठेवले, एवढेच तो विचारत असतो, आणि त्याला उत्तर देणे हे त्या दप्तराच्या रखवालदाराचे काम आहे.